वाचकांचे प्रश्न : पैसा मातीत घालावा की कांडीत?

प्रश्न : आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित आठ गायी आहेत. डेअरीवर फॅट 3.1 ते 3.2 लागते, त्यामुळे दर कापला जातो. रेतन करणारे सांगतात, भारी वळूची कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरा. गावातले जाणते म्हणतात, जमिनीतच कस उरला नाही तर दुधात कुठून येणार? हाती पैसे थोडेच आहेत. आधी काय करावे?
– एक दूध उत्पादक, ता. राहाता

उत्तर : आजची फॅट कांडीने वाढणार नाही, मातीनेही नाही. आधी गव्हाण बघा. फॅट तयार होते ती चाऱ्यातल्या तंतूपासून. कोठीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तंतू आंबून ॲसिटिक आम्ल बनते आणि कासेत त्यापासून स्निग्धांश तयार होतो. पशुखाद्य वाढवले, कडबा कमी केला किंवा मुरघासाची (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याची) कुट्टी अगदी बारीक पीठच केली, की रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, पोटात आम्लता वाढते आणि फॅट खाली येते. कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. प्रत्येक गायीला रोज चार-पाच किलो कडबा किंवा वाळलेले गवत पोटात गेलेच पाहिजे. पशुखाद्य एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्या. दुपारी गोठ्यात फेरी मारा : बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या नाहीत, तर गडबड वैरणीतच आहे. धारा शेवटपर्यंत काढा, कारण शेवटच्या धारांतच सर्वांत जास्त फॅट असते. एवढे केल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा.

आता कांडी. फॅटचे प्रमाण हा बऱ्यापैकी आनुवंशिक गुण आहे, दुधाच्या लिटरपेक्षाही जास्त. म्हणून वळू निवडताना फक्त त्याच्या आईचे लिटर विचारू नका. वळूच्या मुलींच्या दुधाची फॅट किती, तेही विचारा. पण हिशेब लांबचा आहे. आज गाय गाभण राहिली तर नऊ महिन्यांनी कालवड, आणि ती व्यायला पुढे अडीच वर्षे. म्हणजे तीन वर्षे उलटल्यावर पहिला फायदा, तोही निम्माच, कारण उरलेले निम्मे गुण आईचे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिममध्ये देशी जनावरांसाठी जनुकीय चिप (जनुके तपासून लहानपणीच चांगले जनावर ओळखण्याची चाचणी) आणि देशी बनावटीचे लिंगनिर्धारित रेतमात्रा (बहुतांशी कालवडीच होतील असे रेत) तंत्रज्ञान सादर झाले. त्यामुळे निवड लवकर होईल, कालवडी जास्त मिळतील. चारा मात्र तोच राहणार.

मातीबद्दल जाणत्यांचे म्हणणे अर्धेच लागू पडते. दुधातले कॅल्शियम, जस्त, लोह गाय स्वतः सांभाळते. लिटरमागे सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम जाते, म्हणजे 15 लिटरच्या गायीचे रोज 18 ग्रॅम. चाऱ्यात ते कमी पडले तरी दुधातले घटत नाही, गाय हाडांतून काढून देते. तोटा दूध पिणाऱ्याचा होत नाही, गायीचा होतो : दुग्धज्वर, अशक्तपणा, उशिरा माज. ऊस हंगामात निव्वळ वाढ्यावर (उसाच्या शेंड्यांवर) गायी ठेवणाऱ्या गोठ्यांत हे हमखास दिसते, कारण वाढ्यातले ऑक्झलेट हे आम्लद्रव्य कॅल्शियम बांधून टाकते. वाढे इतर वैरणीत मिसळून द्या आणि रोज 50 ते 60 ग्रॅम खनिज मिश्रण चालू ठेवा. आयोडीन आणि सेलेनियमचे तसे नाही. ती चाऱ्यात वाढली की दुधातही वाढतात, तेवढ्यापुरते जाणत्यांचे खरे.

थोडक्या पैशांत क्रम असा : कडबा, खनिज मिश्रण, माती परीक्षण, आणि कांडी नेहमीच्या रेतनावेळीच, पण निवडून.

प्रश्न : माती परीक्षणात जस्त 0.4 आणि लोह 3.1 पीपीएम (किलोभर मातीत मिलिग्रॅम) आले. जमीन चुनखडीयुक्त आहे. बाजरी घरी खायला पिकवतो. भाकरीतही हे कमी येते का?
– एक वाचक, ता. पारनेर

उत्तर : येते. जस्ताची 0.6 आणि लोहाची 4.5 पीपीएम ही किमान पातळी धरतात. तुमची दोन्ही खाली आहेत. अहवाल खरा यावा म्हणून नमुना घेतानाच काळजी घ्या : गंजलेली खुरपी किंवा पत्र्याचे घमेले वापरले, तर लोह-जस्ताचे आकडे उगाच फुगतात. लाकडी काडी आणि प्लास्टिकची बादली वापरा. खताची रिकामी गोणी नको.

पेरणीआधी एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटसोबत एकत्र करू नका, जस्त स्फुरदाशी बांधले जाते. मातीतल्या जस्ताने उत्पादन वाढते, पण दाण्यात ते आणायचे तर फवारणीच हवी. फुलोऱ्यात एक आणि दाणे चिकात असताना एक, दर वेळी 200 लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो चुन्याची निवळी, दोन्ही वेगवेगळे विरघळवून. चुना वगळला तर पाने करपतात. संध्याकाळी फवारा.

लोहाचे वेगळे आहे. फेरस सल्फेट नुसतेच चुनखडीच्या जमिनीत टाकले, तर लगेच न विरघळणाऱ्या रूपात जाते, म्हणून शेणखतात मुरवून द्यावे लागते. पान हिरवे होते, पण दाण्यात लोह फारसे चढत नाही. इथे वाणच कामाला येतो. राहुरी कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) यांच्या कामातून आलेली ‘धनशक्ती’ बाजरी (2012) किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह देते. ज्वारी पेरणाऱ्यांसाठी तसाच जास्त लोहाचा ‘परभणी शक्ती’ वाण आहे. हे सरळ (संकरित नसलेले) वाण आहेत, बियाणे घरचे राखता येते. मात्र बाजरी परपरागीभवनाने (दुसऱ्या झाडाचे पराग येऊन) मिसळते, तेव्हा शेजारच्या वाणापासून अंतर ठेवून बियाण्याची कणसे शेताच्या मधून घ्या.

प्रश्न : ए2 दूध जास्त पौष्टिक असते का? दुप्पट दर द्यावा का?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : ए1 आणि ए2 दुधातला फरक बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनातल्या 67 व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. प्रथिने, फॅट, कॅल्शियम यांचे प्रमाण त्याने बदलत नाही. देशी गायी आणि म्हशी बहुतांशी ए2 च आहेत, म्हणजे साधे म्हशीचे दूध घेतले तरी ते मिळते. केवळ त्या नावासाठी दुप्पट दर देऊ नका. त्यापेक्षा गायींना हिरवा चारा मिळतो का ते गवळ्याला विचारा. हिरव्या चाऱ्यावरच्या गायीच्या दुधात बीटा-कॅरोटीन जास्त असते, तुपाचा पिवळेपणा त्यातूनच येतो. म्हशीचे तूप पांढरे असते म्हणून ते कमी समजू नका. म्हैस कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व आधीच करून घेते.