लडाखच्या कामावर निघण्याआधी

भाऊ, रस्त्याखालची माती पक्की करायला नागपूरच्या काळ्या मातीत चुना मिसळायचा हात तुला बसलाय. पण इथे माती पावसाने फुगते, उन्हात भेगाळते. तिकडे ती गोठते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतंच, त्याहून मोठा घात वेगळा: खालचं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, वर ओढलं जातं, बर्फाचे पातळ थर साचतात आणि रस्ता उचलला जातो. गाळमातीत फारच. बर्फ वरून वितळायला लागला की खालचा थर अजून गोठलेला, पाण्याला वाट नाही. तेवढ्यात भरलेला ट्रक गेला की मातीची पकड सुटलीच. नमुना 7 दिवस मुरवून मोजलेल्या नुसत्या ताकदीवर विसंबू नकोस, सिमेंट-मातीच्या नमुन्यांवर गोठण-वितळणाची 12 चक्रं चालव. आणि चुन्याचं काम थंडीच्या तोंडावर अजिबात धरू नकोस, गारठ्यात तो मुरतच नाही.