बांडगुळं काढली तर जंगलाचं भलं होईल का?

प्रश्न : ताई, मी अकरावीत शिकते. पेशी, ऊती, अवयव, जीव, जीवसंख्या, समुदाय, परिसंस्था, जीवावरण अशा सजीवांच्या संघटनाच्या पायऱ्या आम्ही शिकलो. पुढच्या धड्यात परस्परसंबंधांचा तक्ता आहे. सहजीवनापुढे अधिक-अधिक, म्हणजे दोघांचा फायदा; परोपजीवितेपुढे अधिक-उणे, म्हणजे बांडगुळासारख्या परोपजीवीचा फायदा आणि यजमानाचं नुकसान. मग एखाद्या जंगलातली सगळी बांडगुळं काढून टाकली, तर तेवढं 'उणे' जाऊन जंगलाचं भलंच व्हायला हवं ना? वर्गात हे विचारलं तेव्हा सगळे हसले, पण माझं कुठे चुकतंय ते कुणी सांगितलं नाही.

उत्तर : हसण्यासारखं यात काहीही नाही. तुझा प्रश्न एका शास्त्रज्ञाने जंगलात जाऊन खरोखर तपासलेला आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी एका झाडापुरतं बोलू.

बांडगुळाला हिरवी पानं असतात, स्वतःची साखर ते स्वतः बनवतं. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या जलवाहिन्यांतून ओढतं. कॉलेजात शिकवत असताना मी बांडगूळ आणि फांदी जिथे जुळतात त्या गाठीचा पातळ छेद मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. बांडगुळाच्या पेशी यजमानाच्या लाकडात शिरून थेट त्याच्या नळ्यांना भिडलेल्या दिसतात. शिवाय बांडगूळ यजमानापेक्षा सढळ हाताने पाणी हवेत सोडतं, त्यामुळे दुष्काळात त्याच्या पुढची फांदी वाळू लागते. म्हणजे झाडापुढचं ते 'उणे' अगदी खरं आहे.

आता प्रयोग. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात निलगिरीची विरळ जंगलं आहेत. डेव्हिड वॉटसन यांनी त्यातल्या काही तुकड्यांतलं बांडगूळ काढून टाकलं, काहींत तसंच राहू दिलं आणि दोन्हीकडच्या पक्ष्यांची नोंद ठेवली. निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. बांडगूळ काढल्यावर तीन वर्षांत त्या तुकड्यांतल्या पक्ष्यांच्या प्रजाती सरासरी पाचव्या हिश्श्याने कमी झाल्या होत्या. जंगलाशिवाय ज्यांचं भागत नाही अशा पक्ष्यांच्या प्रजाती तर चौथ्या हिश्श्याहून जास्त घटल्या. जिथे बांडगूळ राहू दिलं होतं, तिथे अशी घट झाली नाही.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढे आहे. बांडगुळाची फळं आणि मध खाणारे पक्षी जातील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोठी घट झाली ती कीटक खाणाऱ्या पक्ष्यांत. असं का व्हावं? बहुतेक झाडं पान गाळण्याआधी त्यातली पोषकद्रव्यं बरीचशी परत ओढून घेतात. बांडगुळाला ती काटकसर करावी लागत नाही, त्याला क्षार आयते मिळतात. त्यामुळे त्याचं पान भरलेलंच खाली पडतं. या पाचोळ्यावर बुरशी, जिवाणू आणि कीटक वाढतात, आणि त्या कीटकांवर पक्षी. झाडाकडून घेतलेलं असं जमिनीला मिळतं.

तर तुझं चुकलं ते एवढंच, की एका पायरीवरचं चिन्ह तू जसंच्या तसं उचलून तीन पायऱ्या वर नेलंस. तक्त्यातलं अधिक-उणे दोन जीवांच्या संबंधाविषयी आहे. पायरी बदलली की मोजायची गोष्टच बदलते. एका झाडाला जन्मदर नसतो, त्या जातीच्या सगळ्या झाडांच्या जीवसंख्येला असतो. एका जीवसंख्येत प्रजातींची विविधता नसते, अनेक प्रजातींच्या समुदायात असते. पोषकद्रव्यांचं चक्र समुदायातही पूर्ण दिसत नाही, त्यासाठी माती, पाणी आणि हवा धरून सगळी परिसंस्था पाहावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्या इतक्या झरझर येतात की त्या नुसत्या लहान-मोठ्या आकाराच्या वाटतात, याचं मला वाईट वाटतं.

अधिक-अधिकचंही असंच आहे. आफ्रिकेतल्या माळरानावर बाभळीसारखं एक काटेरी झाड असतं. काट्यांच्या बुडाशी फुगीर, पोकळ गाठी असतात, त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना घर आणि गोड रस देतं, मुंग्या जिराफ-हत्तींना चावून पिटाळतात. केनियात काही भागाला कुंपण घालून मोठे प्राणी दहा वर्षं बाहेर ठेवले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : खाणारे नाहीत म्हटल्यावर झाडांनी गाठी आणि रस कमी केला. राखणदार मुंग्या मागे पडल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या वाढल्या. या मुंग्यांना खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी केलेली भोकं राहायला सोयीची पडतात. मग झाडं खुंटली आणि जास्त मरू लागली. दोघांमधलं सहजीवन तिसऱ्याच्या, म्हणजे झाड खाणाऱ्या शत्रूच्या आधाराने उभं होतं.

भक्षकांचं उदाहरण थोडक्यात देते. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने खडकांच्या एका पट्ट्यावरून तारामासे सतत उचलून दूर टाकले. तारामासा हा शिंपल्यांचा भक्षक आहे, म्हणजे त्यांच्यापुढे उणेच. पण तो गेल्यावर तिथल्या 15 प्रजातींच्या आठ उरल्या, कारण शिंपल्यांनी जागा बळकावून इतरांना हुसकावलं. हे 1966 साली प्रसिद्ध झालं.

आता कुणी तुला उलट सांगेल, की मग बांडगूळ चांगलंच, त्याला हात लावू नये. तेही घाईचं होईल. ऑस्ट्रेलियातच शेतांमध्ये सुटी उरलेली झाडं बांडगुळाने इतकी भरतात की मरतात. बांडगुळाची पानं आवडीने खाणारे पॉसम नावाचे झाडावर राहणारे प्राणी अशा ठिकाणी फारसे उरलेले नसतात. तिथे बांडगूळ छाटून झाड वाचवणं योग्यच आहे. म्हणून वर्गात पुन्हा हा प्रश्न काढशील तेव्हा भलं कुणाचं ते आधी सांग : त्या एका झाडाचं, त्या जातीच्या झाडांचं, की जंगलातल्या सगळ्या समुदायाचं? तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि तिन्ही खरी असू शकतात.