मूनसारखं जगायचं म्हणतोस

प्रिय मित्रा,

तुझा ड्रम वाजवतानाचा व्हिडिओ तीनदा पाहिला. दुसऱ्या कडव्यानंतर स्टिक उडवलीस, झेललीसही, पण समेवर आलास तो जरा उशिरा. बेसवाल्याने वळून तुझ्याकडे पाहिलं, ते तुझ्या लक्षात आलं का? आणि सोबत लिहिलंयस, ‘मला किथ मूनसारखं जगायचंय.’ ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर मून माझाही लाडका. बाकीचे ड्रमर ठेका धरून बसायचे, हा पठ्ठ्या गाणाऱ्याच्या ओळीवर वाजवायचा. हाय-हॅटच्या जोडझांजेला फारसा हात न लावता, दोन बास ड्रम, टॉम ड्रम आणि क्रॅश झांजा यांच्या जोरावर ‘द हू’चं गाणं पुढे ढकलत न्यायचा. त्याचा आदर्श होता जॅझ ड्रमर जीन क्रुपा. हा क्रुपा १९३८ साली कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडबरोबर वाजवत होता, आणि लोक मागे बसलेल्या ड्रमरकडे डोळे लावून बसले होते. ड्रमरचा नखरा रॉकच्या आधीपासूनचा आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. तुझ्यातून तो काढून घ्यायचा माझा अजिबात विचार नाही.

हॉटेलांच्या गोष्टी तुला पाठ असतील. एकविसाव्या वाढदिवशी पोहण्याच्या तलावात गाडी घातल्याची गोष्ट खरी की खोटी, यावर त्याच्या जवळच्यांचंही एकमत नाही. १९६७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर बास ड्रममध्ये नको इतकी स्फोटकाची दारू ठासून त्याने स्फोट केला, तो मात्र खरा. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडचे केस होरपळले, खुद्द मूनच्या दंडाला झांजेचा तुकडा लागला. हा प्रसंग लोक हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही.

२० नोव्हेंबर १९७३ ची रात्र तुला कुणी सांगितली नसेल. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये ‘द हू’चा कार्यक्रम चालू होता. गोळ्या आणि दारू घेऊन बसलेला मून वाजवता वाजवता कोसळला. त्याला सावरून परत आणलं, तो पुन्हा कोसळला. शेवटी टाउनशेंडने प्रेक्षकांनाच विचारलं, कुणाला ड्रम वाजवता येतात का? एकोणीस वर्षांचा एक मुलगा वर चढला आणि उरलेली गाणी त्याने वाजवली. ही गोष्ट सगळे त्या मुलाच्या बाजूने सांगतात. तू ती मूनच्या बाजूने वाच. ज्या माणसाची जागा जगात कुणी घेऊ शकत नव्हतं, त्याच्या जागेवर बसायला गर्दीतून माणूस शोधावा लागला.

१९७८ च्या अल्बमच्या वेळी सहाच्या लयीतलं एक गाणं त्याला धरता येईना. शेवटी त्या गाण्यात ड्रमऐवजी पावलांचा आवाज वापरला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला तो गेला. दारू सुटावी म्हणून दिलेल्या गोळ्यांपैकी बत्तीस त्याच्या पोटात निघाल्या. वयही बत्तीसच. दोन वर्षांनी, सप्टेंबरमध्येच, ‘लेड झेपलिन’ बँडचा ड्रमर जॉन बॉनम वोडकाचे चाळीसेक पेग पिऊन झोपला तो उठलाच नाही. तोही बत्तीसचा. स्टिक बाजूला ठेवून नुसत्या हातांनी ड्रम बोलते करणारा माणूस होता तो. त्याच्याशिवाय वाजवणं बँडला जमणारच नव्हतं. डिसेंबरमध्ये बँड संपला.

म्हणून वेडेपणातून वाजवणं येतं असं कुणी म्हणालं, तर ऐकू नकोस. त्या दोघांचं वाजवणं या वेडेपणानेच खाल्लं. हे मी नुसतं वाचून सांगत नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना एका रात्री मी पिऊन वाजवलं. इतकं छान आपण कधीच वाजवलं नव्हतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी कॅसेट ऐकली. प्रत्येक फिलमध्ये, म्हणजे ओळींमधल्या भरावात, मी पळत होतो, आणि बाकीचे तिघे मला सांभाळून घेत होते. त्या तिघांची तोंडं अजून डोळ्यांसमोर येतात.

चार्ली वॉट्सचे व्हिडिओ पाहा. लहानसं किट, अंगात चांगला सूट, चेहरा शांत. ऐंशीच्या दशकात तोही नशेत अडकला होता, पण बाहेर पडला, आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत ‘रोलिंग स्टोन्स’चा ड्रमर राहिला. स्नेअर ड्रमवर घाव घालताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घेतो. एवढीशीच लकब, पण नजर तिथेच जाते. हाही नखराच आहे.

आता तुझ्या स्टिकबद्दल. मिनिटाला १२० मात्रांच्या टेम्पोत दोन बॅकबीटमध्ये, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या ठोक्यांमध्ये, बरोबर एक सेकंद असतो. दुसऱ्या मात्रेवर स्नेअर, तिसरीवर डाव्या हातातली स्टिक पहिल्या दोन बोटांमध्ये एकदा फिरव, चौथीला पुन्हा स्नेअर. उडवू नकोस, नुसती फिरव. आधी ६० वर, ठोके देणारा मेट्रोनोम लावून. स्टिक पडली तर वाकू नकोस. हाय-हॅटच्या स्टँडला स्टिकची जादा जोडी अडकवलेली ठेव आणि उजव्या हाताने ठेका चालू ठेव. हात डोक्यावर नेऊन मारायचा असेल तर खाली यायला लांबचा रस्ता आहे, तेव्हा निघायचंही लवकर. तुझा उशीर तिथेच होतोय.

रविवारी ये, सरावाचं पॅड घेऊन ये. आणि उजव्या क्रॅशचा स्टँड चार बोटं खाली घे, दर वेळी खांदा उचलतोयस.

तुझा,
काका