शब्दाच्या हिशेबाने काम घेऊ नकोस

इंदूर

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्स लिहावं का, की एआयच्या दिवसांत हा वेडेपणा ठरेल, असं तू विचारलंस. लिहून पोट भरता येईल. मात्र नवे लेखक आजवर ज्या कामांवर तग धरायचे, त्याच कामांच्या भरवशावर राहिलीस तर नाही भरणार. म्हणून कुठलं काम गेलं आणि कुठलं उरलं, ते आधी नीट समजून घे.

गेलेलं काम ओळखायला सोपं आहे. केसगळतीवर दहा उपाय, सुपर कॉरिडॉरवर फ्लॅट का घ्यावा, भंवरकुआंच्या कोचिंग क्लाससाठी ‘परीक्षेची तयारी कशी करावी’. पाच वेबसाइट वाचून सहावी लिहायची, असं ते काम होतं. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि अशा लेखनाची किंमत पडायला लागली. फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या अपवर्क या वेबसाइटवरच्या फ्रीलान्सरांचा अभ्यास 2023 मध्ये झाला. त्यात लेखनासारख्या कामांतल्या लोकांची मिळणारी कामं सुमारे 2 टक्के आणि कमाई सुमारे 5 टक्के घटलेली दिसली, तीही पहिल्या काही महिन्यांतच. आकडे लहान वाटतील. पण त्याच अभ्यासात चांगलं रेटिंग असलेल्या अनुभवी लोकांनाही ही झळ चुकली नव्हती. तेव्हा ‘मी चांगलं लिहिते, मला काय होणार’ या समजुतीवर विसंबू नकोस.

दुसरा घाव गूगलकडून बसला. शोधाच्या वरच एआयचा सारांश दिसू लागल्यापासून लोक खालचे दुवे कमी उघडतात. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने मार्च 2025 मधल्या अमेरिकी वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. सारांश दिसला तेव्हा शंभरातल्या आठ शोधांत दुवा उघडला गेला, सारांश नव्हता तेव्हा पंधरांत. ज्या ग्राहकाला वेबसाइटवर गर्दी हवी म्हणून लेख हवे होते, त्याचं गणितच बिघडलं. त्याला कितीही चांगला लेख दिलास तरी तो दर वाढवणार नाही.

आता उरलेलं काम. जे अजून कुठेच लिहिलं गेलेलं नाही ते जाऊन आणणं, आणि आणलेल्याची जबाबदारी घेणं, या दोन गोष्टींना अजून चांगले पैसे मिळतात. कचऱ्यापासून गॅस बनवणारा आपल्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकतो, हे एआयचं यंत्र तुला चुटकीसरशी सांगेल. 2022 मध्ये उद्घाटन झाल्यापासून ते सगळीकडे छापलेलं आहे. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक आलं की तिथला कामगार काय करतो, कुठलं यंत्र अडतं, सणाच्या आठवड्यात कचऱ्याची जात कशी बदलते, हे त्या कामगाराला विचारल्याशिवाय कळणार नाही. कचरा व्यवस्थापनाची सल्लागार कंपनी या दुसऱ्या प्रकारच्या मजकुराला पैसे मोजते.

आपल्या भागात असं काम भरपूर आहे. पीथमपूरला औषधांचे आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत, सोयाबीनवरची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरमध्येच आहे, सांवेर रोडवर लहान उद्योग आहेत, सियागंजात घाऊक व्यापार आहे. यांतल्या बऱ्याच लोकांना आपलं काम नीट शब्दांत मांडता येत नाही, आणि त्यांची माहिती इंटरनेटवर फारशी नाही.

एक काम जवळून बघू. राजवाड्याजवळच्या एका दुकानाने ऑनलाइन विक्रीसाठी चाळीस महेश्वरी साड्यांची वर्णनं मागितली, असं समज. एआय चाळीसच्या चाळीस वर्णनं काही मिनिटांत देईल. त्यांत अहिल्यादेवी येतील, नर्मदा येईल, शाही वारसा येईल, आणि कुठेतरी ‘शुद्ध रेशीम’ही येऊन बसेल. घात तिथे होतो. महेश्वरीत बहुतेक वेळा ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो. तिचा हलकेपणा त्यातूनच येतो. ‘शुद्ध रेशीम’ छापलं की गिऱ्हाईक साडी परत पाठवतं, दुकानाच्या नावावर तक्रार चढते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते.

म्हणून दुकानात जा आणि प्रत्येक साडी हातात घे. काठ उलटून बघ. पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी चालतो, साडी उलटसुलट कशीही नेसता येते. समोरच्या साडीत ते खरं आहे का, तपास. काठावरची नक्षी चटाई आहे, ईंट आहे की हिरा, ते ओळखायला शीक. या नक्ष्या महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कामावरून घेतलेल्या आहेत. साडी काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घे. हातमाग की यंत्रमाग, जरीची तार असली की ‘टेस्टेड’ (स्वस्त पर्यायी), ब्लाउजपीस लांबीत धरला आहे की वेगळा, पहिल्या धुण्यात रंग जातो का, हे दुकानदाराला विचार आणि उत्तर त्याच्यासमोर वहीत टिप. रंग दाराशी, दिवसाच्या उजेडात बघ. ट्यूबलाइटखालच्या फोटोवरून यंत्र मोरपंखीला खुशाल निळा म्हणेल आणि परत येणाऱ्या साड्यांत भर पडेल. चाळीस साड्यांना एक पूर्ण दिवस जाईल. ही वही तयार झाली की वर्णनं जुळवायला यंत्राची मदत घे, हरकत नाही. पण वहीत नसलेला एकही शब्द त्यात घुसला नाही ना, हे ओळ न् ओळ ताडून पाहा. दुकानदार तुला पैसे देतो ते या वहीचे.

यंत्र वापरायचंच नाही असं मी म्हणणार नाही. कधी वापरायचं, याचा क्रम मात्र पाळ. मुलाखत परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. तिचं टंकन यंत्राकडून करून घे, मग रेकॉर्डिंग कानाला लावून आकडे, नावं आणि नकार तपास. आपल्याकडे माणूस एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही बोलतो. तिथे यंत्र अडखळतं, ‘पंधरा’चे ‘पन्नास’ होतात, वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ गळतो आणि अर्थ उलटा होतो. त्यानंतर तथ्यांचा तक्ता कर: एका रकान्यात विधान, दुसऱ्यात ते कुठून आलं, तिसऱ्यात ते कधी तपासलं. ज्याचा दुसरा रकाना रिकामा, ते लेखात जाणार नाही. पहिला खर्डा स्वतः लिही, कितीही ओबडधोबड झाला तरी चालेल. यंत्राचा खर्डा आधी वाचलास की त्याचाच क्रम डोक्यात बसतो, मग तू फक्त शब्द बदलत राहतेस आणि मुलाखतीत मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट बाहेरच राहते. खर्डा झाल्यावर यंत्राला हरकती काढायला लाव: वाचक कुठे अडेल, कोणत्या विधानाला आधार दिसत नाही, काय दोनदा आलं आहे. त्याच्या दहा हरकतींतल्या तीन कामाच्या निघाल्या तरी पुष्कळ. ग्राहकाची न छापलेली कागदपत्रं, दर किंवा रुग्णांची माहिती मात्र त्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही एआय साधनात टाकू नकोस. हा नियम एकदाही मोडायचा नाही.

जबाबदारी सुटली की काय होतं, त्याचं मे 2025 चं उदाहरण लक्षात ठेव. शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं बनावट. यादी एका फ्रीलान्स लेखकाने एआयकडून घेतली होती आणि तपासली नव्हती. पंधरा नावं शोधून बघायला अर्धा तास पुरला असता. मध्ये एक पुरवठादार संस्था होती, संपादक होते, तरी बोट शेवटी त्या लेखकाकडेच वळलं. तुझ्याही बाबतीत तसंच होईल.

आता एक सापळा. ग्राहक म्हणेल, ‘लेख एआयने तयार आहे, फक्त पॉलिश करून दे,’ आणि दर चौथाई सांगेल. हे काम वरवर हलकं दिसतं, पण सगळ्यात जास्त वेळ खातं. गुळगुळीत वाक्यात चूक लपून बसते, आणि प्रत्येक विधान उलट शोधत जाणं हे नव्याने लिहिण्यापेक्षा लांबतं. असं काम घ्यायचंच असेल तर आधी तीनशे शब्द घड्याळ लावून तपास, मग तासाच्या हिशेबाने दर सांग. आणि लेखी कळव की भाषा दुरुस्त करणं एवढंच तुझं काम आहे की तथ्यंही तूच तपासायचीस. दोन्हींचे पैसे वेगळे.

शब्दाच्या दराचं गणित एकदा कागदावर मांड. 1200 शब्दांचा लेख, शब्दाला एक रुपया. मुलाखत एक तास, टंकन तपासणं दोन, लिहिणं चार, तथ्यं ताडणं दोन, दुरुस्त्या एक. दहा तासांचे 1200 रुपये, म्हणजे तासाला 120, त्यातून पेट्रोल आणि इंटरनेट वजा. त्यात या दरात तू यंत्राशीच तुलनेला उभी राहतेस आणि यंत्र शब्द जवळजवळ फुकट देतं. म्हणून अंदाजपत्रकात माहिती गोळा करणं, लेखन आणि तपासणी असे तीन आकडे दाखव. ग्राहक लेखनाचा आकडा कमी करायला सांगेल, तिथे थोडं नमतं घे. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याला हात लावू देऊ नकोस.

करार लेखी हवा, ईमेलवरचा का होईना; हक्क देत असशील तर मात्र सहीचा कागदच हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरने लिहिलेल्या लेखाचे हक्क सहसा आधी तिचेच असतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य घाल. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. कामाआधी चाळीस टक्के आगाऊ. एआय कुठे वापरलं जाईल आणि कुठे नाही, हेही दोन ओळींत लिही, म्हणजे नंतर वाद होत नाही.

‘तुझा लेख एआयने लिहिलाय असं डिटेक्टर सांगतो’ असं म्हणून पैसे अडवणारे भेटतील. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचं लेखन ओळखणारं स्वतःचं असं साधन 2023 च्या जुलैत बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्यांच्याच चाचणीत एआयचा जेमतेम 26 टक्के मजकूर ते ‘बहुधा एआयचा’ म्हणून ओळखू शकलं आणि माणसांनी लिहिलेला 9 टक्के मजकूर चुकून एआयच्या खात्यात गेला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या लेखनावर असा खोटा शिक्का जास्त बसतो. वाद घालण्यापेक्षा पुरावा ठेव: गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, वहीच्या पानांचे फोटो. करारातही घाल की डिटेक्टरचा निकाल एवढ्यावर पैसे रोखता येणार नाहीत.

लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, ती पहिलं काम घेण्याआधी कर. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लहान उद्योगांचं बिल करार असला तरी 45 दिवसांत चुकवायला हवं. मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलास की हिशेबनीस तुझं बिल तळाला ढकलायला कचरतो. तक्रारीची वेळ क्वचितच येते.

मराठीबद्दल थोडं. यंत्राचं मराठी दिवसेंदिवस सुधारतंय, पण अजून त्यात हिंदीची आणि इंग्रजीची चाल शिल्लक आहे. लिंग चुकतं, सामान्यरूप चुकतं, ‘चला तर मग जाणून घेऊया’ असा साचा जागोजागी येतो. आपण इंदूरकरही बोलताना हिंदी मिसळतोच, त्यामुळे ती चूक आपल्या कानाला खटकत नाही. रोज अर्धा तास जुनं, चांगलं मराठी गद्य मोठ्याने वाच. पुण्याच्या किंवा नाशिकच्या ग्राहकाला हिंदी आणि मराठी दोन्ही निर्दोष लिहिणारी व्यक्ती सहज मिळत नाही. दोन्ही भाषा चोख ठेवल्यास तर इंदूरमध्ये बसून ती कामं तुला घेता येतील.

मला सगळ्यात जास्त काळजी शिकण्याची वाटते. पूर्वी नवा लेखक ती कंटाळवाणी कामं करता करता हात बसवायचा. ती पायरीच आता निघाली. ती तुला स्वतः बांधावी लागेल. आठवड्यातून एक मजकूर यंत्राला न शिवता लिही, एका माणसाला भेटून, आठशे शब्दांत. लोहारपट्टीतला कारागीर, मंडीतला आडत्या, कुणीही चालेल. तो मजकूर त्या माणसाला वाचून दाखव आणि तो कुठे ‘असं नाही’ म्हणतो ते टिपून घे. सहा महिन्यांत असे पंचवीस नमुने जमतील. ग्राहकाला दाखवायलाही तेच उपयोगी पडतील.

नोकरी लगेच सोडू नकोस. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडू दे, किमान तीन ग्राहक असे होऊ देत की ज्यांच्याकडून दर महिन्याला काम येतं, आणि त्यांतला एकही एकूण कमाईच्या निम्म्याहून जास्त देणारा नसावा. पहिला करार तयार झाला की ग्राहकाला पाठवण्याआधी मला दाखव. हक्कांचं कलम आणि पैशांची मुदत ही दोन मी आधी वाचीन, बाकीचं आपण बसून बघू.

तुझा,
काका