वेल्श शिकणाऱ्या नवागताने स्पर्धेत का उतरावे

प्रौढांच्या वेल्श (वेल्सची भाषा) वर्गात तुम्ही नुकतेच दाखल झाला आहात आणि भाषेवर चांगली पकड आल्याशिवाय स्पर्धेचा विचार करू नये, असे तुम्हाला वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ऑगस्टच्या प्रारंभी भरणाऱ्या राष्ट्रीय आइस्टेद्वोद या वेल्समधील वेल्श भाषा-साहित्य-संगीताच्या वार्षिक उत्सवात शिकणाऱ्यांसाठी स्वतंत्र लेखनस्पर्धा असतात, आणि त्यांतील काही निरनिराळ्या पातळ्यांसाठी राखलेल्या असल्यामुळे प्रवेशपातळीवरच्या माणसाला अनुभवी मंडळींशी सामना करावा लागत नाही. शिवाय लेखन टोपणनावाने पाठवायचे असते. म्हणजे परीक्षकासमोर तुमचे नाव नव्हे, केवळ तुमची वाक्ये जातात, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

याच उत्सवात वेल्श शिकणाऱ्याला १९८३ पासून दिला जाणारा ‘वर्षाचा विद्यार्थी’ हा सन्मान वेगळा आहे. तिथे भाषा रोजच्या जीवनात, घरी, कामावर, गावातल्या उपक्रमांत तुम्ही कशी वापरता याला महत्त्व असते, म्हणून त्याची घाई करू नका.

तूर्त एक छोटा परिच्छेद पुरे. विषय आपल्या परिचयाचा निवडा, आणि आद्य व्यंजनांचे बदल (वेल्शमध्ये वाक्यातील स्थानानुसार शब्दाचे पहिले व्यंजन बदलते) चुकतील या भीतीने वाक्ये खोडत बसू नका, कारण ते बदल लिहूनच अंगवळणी पडतात. मसुदा शिक्षकांना दाखवण्यापूर्वी नियमावलीत बाहेरच्या मदतीविषयी काय म्हटले आहे ते पाहा. लेखनाची मुदत उत्सवाच्या कित्येक महिने आधीच संपते, तेव्हा ती तारीख आजच नोंदवून ठेवा.