दुष्काळी भागात जमीन कशी वापरतो याचा पाण्यावर खरंच एवढा फरक पडतो का, की सगळं पावसावरच असतं?

पडतो की भावा, लय पडतो. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं गगनबावड्याला पाऊस धो धो आणि तिथनं बरंच पूर्वेला गेलं की आभाळाकडं बघत बसायचं. पण पाऊस कमी हे अर्धंच कारण. माळ उघडा असला, गवत जनावरांनी खुरटून खाल्लं असलं की वळवाचा एक दणका येतो आणि पाणी माती घेऊन सुसाट ओढ्याला, मग तोच गाळ पाझर तलावात बसतो आणि तलाव नावापुरता. तेच उताराला आडवे, एका पातळीत खणलेले समतल चर काढून गवत राखलं तर पाणी मुरतं, विहिरीला उतरतं.

हिवरे बाजार बघा, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअर मारायचंच नाही असं गावानं ठरवलं. माझ्या मते बोअरबंदी हाच खरा डाव, नुसते चर खणून मोटर चालू ठेवली तर काय उपयोग!

आणि पाण्याच्या क्वालिटीचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळला या. तिथं उलटा प्रकार, नदीचं पाणी भरपूर म्हणून काळ्या रानात ऊसाला पाटानं सोडत राहिले, निचरा नाही, पाणी वर येऊन वाळतं आणि मीठ मागं राहतं. मामाच्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर असतो, चपलेखाली कुरकुरतो. युरियाचंही तसंच, जास्तीचा मारला की नायट्रेट होऊन विहिरीत. आता मामानं पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जमिनीखाली भोकाचे पाइप टाकलेत, खर्च बराच आला, पण दोन वर्षांनी कोपऱ्यात गहू उगवला.