ताऱ्यावाल्या १२१० ला दुसरी डिझेल टाकी : ब्रॅकेट, पट्टे आणि उलटा काटा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून बघितले. मला कळलं ते असं. वडिलांची टाटा मर्सिडीज १२१० देवगडच्या बाजूला कलमांच्या बागेत बरीच वर्षं उभी आहे आणि मूळ टाकीचा तळ सडून गेलाय. कोल्हापूरहून जुनी टाकी आणलीत, ती मूळ टाकीपेक्षा चार इंच लांब आहे. गॅरेजवाला म्हणतो, चॅसीला अँगल वेल्ड करतो, दोन तासांचं काम. आणि टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा गोळा) वर केला की डिझेलचा काटा खाली जातोय.

पुढच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तारा अजून शाबूत आहे हे बघून बरं वाटलं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. म्हणजे जाळी मूळची असेल तर तुमची गाडी ५५ वर्षांच्या पुढची. अशा चॅसीला दोन तासांत वेल्डिंग नको.

चॅसीचा लांबीतला चॅनल मुद्दाम थोडा पिळवटणारा केलेला असतो. वेल्डिंगच्या तापाने शेजारचं लोखंड कडक होतं, आणि पुढे त्या रेघेलाच तडा जातो. भोक पाडायचंच असेल तर चॅनलच्या उभ्या भागात, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत अजिबात नाही; सगळा ताण तिथेच असतो. आधी जुनी भोकं मोजा. माझ्या अनुभवात चारातली तीन तरी कामाला येतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (ताकदीचा आकडा) कोरलेलं बघूनच घ्या, खाली जाड वॉशर आणि लॉक नट.

टाकीचं वजन किती याचा अंदाज बहुतेकांना नसतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा, लिटर मिळतील. समजा ९० × ४५ × ४०, म्हणजे १६२ लिटर. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे नुसतं डिझेलच १३४ किलो, वर पत्रा वेगळा. दोन धडधाकट माणसं एका अंगाला लटकवून आंबा घाट चढायचा, असा विचार करा आणि मग ब्रॅकेट बघा.

जुने ब्रॅकेट काढून हातोडीने ठोकून बघा. आपल्याकडे ते बहुधा कोपरातच सडतात, जिथे उभा भाग आडव्याला मिळतो. तिथे चिखल बसतो आणि चिखलात मीठ असतं. मिरकरवाड्याहून निघालेल्या मासळीच्या गाडीमागे कधी चालवलं असेल तर काचेवर बर्फाचं खारं पाणी उडतं ते आठवा. तेच खालून टाकीलाही लागतं. ब्रॅकेट नवे करणार असाल तर आठ मिलिमीटरच्या प्लेटचे करा आणि कोपराच्या तळाला बोटाएवढं भोक ठेवा, पाणी निघून जायला.

टाकी चार इंच लांब आहे म्हणून घाबरू नका, पण वाढीव लांबी कुठल्या बाजूला जाते ते ठरवा. मागे गेली तर चाकाची चिखलफेक आणि पाट्याची (स्प्रिंगची) हालचाल, पुढे गेली तर सायलेन्सरचा ताप. मी पुढे न्या म्हणेन, मात्र सायलेन्सरचा पाइप त्याच बाजूला असेल तर मध्ये मोकळी जागा आणि पत्र्याचा आडोसा हवाच. ब्रॅकेट कुठे यावेत हे टाकीच सांगते : बाहेरून वेल्डच्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी दिसतील, आत तिथे पडदे, म्हणजे डिझेल उसळू नये म्हणून घातलेले आडवे पत्रे आहेत. पट्टा त्या ओळीवर आला तर पत्रा चेपत नाही. पडदे नसलेली टाकी असेल तर ती परत करा, खरंच. घाटात चढावर डिझेल मागे सरतं, टाकी पाव भरलेली असली की पाइपाचं तोंड उघडं पडतं, गाडी हवा ओढते आणि नेमकी वळणावर बंद पडते.

आता पट्टे. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या गाडीला मी पट्ट्याखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या होत्या. टाकी घासू नये, आवाज होऊ नये, हा हेतू. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी पट्टा सोडला तर टाकीवर बरोबर पट्ट्याच्या रुंदीची गंजाची रेघ, आणि तळाला स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला. गोणपाट पावसाळाभर ओलं राहिलं होतं. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात लोखंडाला कापड बांधणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. वाहत्या पाण्याने टाकी सहसा जात नाही, अडकलेल्या पाण्याने जाते. तुमच्या जुन्या टाकीचा तळही उलटा करून बघा, भोकं पट्ट्यांच्या ओळीतच सापडतील अशी मी पैज लावतो.

म्हणून पट्ट्याखाली नायट्रिल रबरची पट्टी वापरा. ट्यूब कापून लावू नका, ती डिझेलने फुगून मऊ पडते. कन्व्हेअर बेल्टच्या तुकड्यातलं कापड पाणी शोषतं, तोही नको. जुने पट्टे वाकवताना करकरले किंवा आट्यांपाशी बारीक झाले असतील तर फेकून द्या. आवळताना नट बेतानेच. टाकी हाताने हलवून हलली नाही की झालं, पत्रा चेपेपर्यंत आवळायचं नाही.

बसवून झालं की एक पुढचं चाक लाकडी ओंडक्यावर चढवा (चिऱ्यावर नको, फुटतो) आणि बाकीच्या चाकांना उटी (अडवायचे ठोकळे) लावा. चॅसी पिळते तेव्हा टाकी कशाला टेकते का, ते बाजूला उभं राहून बघा. गाडीखाली शिरू नका.

टाकी चढवण्याआधी आत बॅटरी मारून बघा. आत गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर मी घेणार नाही, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि फिल्टर-नोझलपर्यंत जातं. भोक सापडलं आणि कुणी "पाण्याने धुऊन वेल्ड मारू" म्हणाला तर टाकी उचला आणि घरी या. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश धरलाय. एप्रिलच्या उन्हातला पत्रा त्याच्या कितीतरी पुढे असतो, त्यामुळे रिकाम्या टाकीतली वाफच घातक.

ब्रीदर, म्हणजे टाकीची हवेची नळी, विसरू नका. आमची गाडी एकदा मिरगापासून गणपतीपर्यंत पडवीला उभी होती. बाहेर काढली तर दहा किलोमीटर छान चालायची, मग दम कोंडल्यासारखी बंद. फिल्टर बदलला, पंपाला शिव्या दिल्या. शेवटी टाकीचं झाकण उघडल्यावर "हुश्श" असा आवाज आला तेव्हा उजेड पडला. ब्रीदरच्या नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. हवा आत येईना, डिझेल बाहेर जाईना. नळीचं तोंड खाली वळवून बारीक जाळी लावा.

पाइप बसवताना ओढणारा पाइप तळापासून इंचभर वर राहू द्या, खालचं पाणी-गाळ खालीच राहतो. रिटर्नचा पाइप (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारा) त्याच्या अगदी शेजारी सोडू नका. चॅसीवरचा पाइप आणि टाकी यांच्या मध्ये डिझेलला चालणारा होज हवा, नाहीतर हादऱ्याने पाइप मुळाशी तुटतो. बँजोचे (पाइपाच्या पोकळ बोल्टवाल्या जोडाचे) तांब्याचे वॉशर नवे. जुने वापरले तर डिझेल गळताना दिसेलच असं नाही, पण हवा आत घेतील.

काट्याचं काम सोपं आहे. फ्लोटचं युनिट म्हणजे कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स. काही युनिटांत टाकी भरली की तो वाढतो, काहींत कमी होतो. कोल्हापूरची टाकी दुसऱ्या गाडीची, तिचं युनिट तुमच्या मीटरच्या उलट आहे, इतकंच. वायरी अदलाबदल करून फरक पडणार नाही. जुन्या टाकीचं युनिट चालू असेल तर तेच नव्या टाकीत बसतं का बघा. फक्त टाकीची खोली वेगळी असेल तर दांडी त्याप्रमाणे वाकवावी लागेल. आणि एक वायर युनिटच्या बुडापासून थेट चॅसीला घ्या. आता टाकीखाली रबर आहे, अर्थिंग आपोआप मिळेलच असं नाही.

मग दहा-दहा लिटर ओतत जा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते वहीत लिहा. झाकणापर्यंत भरू नका. १६० लिटर डिझेल १० अंशांनी तापलं की सव्वा लिटरभर फुगतं, त्याला जागा लागते.

हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, फेस थांबून अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग तेच मायकोच्या पंपावर, म्हणजे इंजिनाला डिझेल फवारून देणाऱ्या पंपावर. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळा, रबर बसतं. रंगाचा शेवटचा हात मात्र त्यानंतर द्या, म्हणजे आट्याही झाकल्या जातील. आणि पट्ट्यांच्या मूळ टी-बोल्टची आटी कुठली ते मोजून इथे लिहा. माझ्याकडे एक जोडी पडून आहे, जुळली तर घेऊन जा.